स्कुबा आणि फ्रीडायव्हिंग, दोन्हीला एकच फिन्स चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा: स्कुबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर लावून डाइव्ह करण्याचा, पहिला कोर्स झालाय, तीसेक डाइव्ह झाल्यात, त्या सगळ्या भाड्याच्या फिन्सवर (पोहताना पायांत घालायची पसरट पात्यांची पायताणं). आता फ्रीडायव्हिंगचं, म्हणजे टाकीशिवाय दम रोखून खोल जाण्याचं, वेड लागलंय. वजन ६८ किलो, पायाचं युरोपीय माप ४२, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. दोन्हीसाठी एकच जोडी चालेल का, घ्यायचीच तर थेट कार्बन घ्यावी का, आणि पातं कडक बरं की मऊ?

आधी उत्तर देऊन टाकते. एकच जोडी दोन्हीकडे नीट चालत नाही. कार्बन आत्ता नको. पातं मऊच घ्या. पण या तिन्हींपेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: पाय ज्यात शिरतो त्या फूट पॉकेटचा. बरीच वर्षं मी दोन्ही प्रकार शिकवते आहे. फिन्सपायी डाइव्ह अर्धवट सोडून वर आलेली माणसं आठवली, तर त्यांतल्या फार थोड्यांची तक्रार पात्याबद्दल होती. कुणाची टाच सोलवटली होती, कुणाच्या पोटरीत गोळा आला होता, कुणाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

पण क्रमाने जाऊ. दोन्हीकडे पाय पाण्यालाच मारायचे असले तरी हिशेब वेगळा आहे. फ्रीडायव्हर एका श्वासावर खाली जातो. त्याच्याकडचा ऑक्सिजन मोजका आणि मांडीचे स्नायू तो भराभर संपवणारे. त्यामुळे एका किकमध्ये किती अंतर कापलं आणि त्याला किती खर्च आला, एवढंच तो बघतो. लांब पात्याचं गणित इथेच आहे. समजा, छोट्या पात्याने तुम्ही ५ किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने मागे ढकललंत आणि मोठ्या पात्याने १० किलो पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने. तुम्हाला मिळणारा रेटा दोन्ही वेळा सारखाच. पण पहिल्या वेळी पाण्याला दिलेली ऊर्जा १० ज्यूल आणि दुसऱ्या वेळी ५ ज्यूल, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकलणं स्वस्त पडतं. म्हणून फ्रीडायव्हिंगच्या फिन्स ८० सेंटिमीटरपासून जवळजवळ मीटरभर लांब असतात, तर स्कुबाच्या साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर.

हा खर्च सगळ्या खोलीवर सारखाही नसतो. वरच्या पाण्यात भरलेली फुप्फुसं आणि निओप्रीनचा (फेसासारख्या हलक्या रबराचा) सूट तुम्हाला वर लोटत असतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते, सूटही चेपतो. तिथून पुढे किक विरळ करत नेतात, आणि आणखी खाली गेलं की पाय थांबवून नुसतं बुडत जातात. परतताना सगळं उलट. तळापासून सुटतानाच्या किक सर्वांत जड, आणि शेवटच्या टप्प्यात पाणीच वर उचलून आणतं. शुद्ध हरपण्याचे बहुतेक प्रसंग याच शेवटच्या टप्प्यात किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर काही सेकंदांत घडतात. म्हणजे खाली फिन्सनी वाचवलेला ऑक्सिजन इथे उपयोगी पडतो. (जोडीदाराशिवाय उतरू नका, हे फिन्सच्या उत्तरात सांगावं लागू नये, तरी सांगते.)

स्कुबात पाठीवर टाकी आहे. हवा तिथेही जपूनच वापरायची, पण एकेका किकचा हिशेब ठेवावा लागत नाही. तिथे हवा असतो तो ताबा: जागच्या जागी वळता आलं पाहिजे, मागे सरकता आलं पाहिजे, तळाचा गाळ न उडवता हातभर वर स्थिर राहता आलं पाहिजे. मीटरभर लांब फिन्सनी बेडकासारखी किक मारून बघा, पाती एकमेकांवर आपटतात. मागून येणाऱ्याचा मास्क निघतो. पात्याचं टोक तुमच्या डोळ्यांपासून दोन मीटरहून लांब असतं, त्यामुळे प्रवाळाची फांदी मोडली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. काही मुरलेले गाइड टाकी लावूनही लांब फिन्स घालतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या पायांना ती सवय झालेली असते. तीस डाइव्ह झालेल्या माणसाने त्यांचं अनुकरण करू नये.

उलट दिशेने थोडी सूट आहे. फ्रीडायव्हिंगची पहिली काही सत्रं, विशेषतः पोहण्याच्या तलावातली, स्कुबाच्या आखूड बंद टाचेच्या फिन्सवर बिनदिक्कत करा. घाई नाही. आणि दोन्ही छंद एकाच सहलीत करणार असाल तर एक पथ्य पाळा: टाकी लावून डाइव्ह केल्यावर त्याच दिवशी दम रोखून खोल जायचं नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन पुरता बाहेर पडलेला नसतो.

आता कडक की मऊ. माझी पहिली लांब जोडी मी विकणाऱ्याच्या शब्दावर घेतली. कडक पातं म्हणजे जास्त जोर, असं त्याने सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. पहिल्याच आठवड्यात १८ मीटरवरून वर येताना मांड्या अशा पेटल्या की अर्ध्या वाटेत मी खाली सोडलेली दोरी धरली आणि हातांनी ओढत वर आले. नंतर जोडीदाराने काढलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा कारण कळलं. पातं जवळजवळ सरळच राहत होतं. ते वाकत नाही म्हटल्यावर पायाने पळवाट शोधली होती: मांडी मागे जातच नाही, गुडघा नुसता पोटाकडे येतोय आणि पातं कडेने पाणी कापत घसरतंय. आपण याला सायकल मारणं म्हणतो. श्रम पूर्ण, रेटा जवळपास शून्य.

हे मी जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये बघते. आणि गंमत म्हणजे गुडघा वाकवू नका असं दहा वेळा ओरडून जे होत नाही, ते मऊ पाती दिली की दहा मिनिटांत होतं. पातं सहज वाकायला लागलं की पायाला पळवाटेची गरजच उरत नाही, हालचाल आपोआप कमरेच्या सांध्यापासून सुरू होते. योग्य पातं पाण्यात कमानीसारखं वाकतं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही फटक्यांत. सरळ राहिलं तर तुमच्यासाठी कडक आहे. टोक पार दुमडून फडफडायला लागलं तर फार मऊ. ६८ किलोच्या, गुडघा कुरकुरणाऱ्या आणि नवशिक्या माणसाने दुसऱ्या शक्यतेची चिंता करू नये.

एक सावधगिरी. मऊ, मध्यम, कडक या शब्दांना कंपन्यांमध्ये सामाईक माप नाही. एकीचं मध्यम दुसरीच्या कडकपेक्षा ताठ निघतं. त्यामुळे दुसऱ्या कंपनीची मध्यम पाती मित्राला चालतात, यावरून तुमच्याबद्दल काहीच ठरत नाही. पातं हातात घ्या, फूट पॉकेट पोटाशी धरा, टोक दोन बोटांनी मागे ओढा. ओढताना खांद्याला ताण जाणवला तर ठेवून द्या. ही ओबडधोबड परीक्षा आहे, पण डब्यावरच्या शब्दापेक्षा बरी.

पात्याचा कोनही बघा. चांगल्या लांब फिनमध्ये पातं तळपायाच्या रेषेत नसतं, २० अंशांहून थोडं जास्त खाली झुकलेलं असतं. कारण आपण पाऊल कितीही ताणलं तरी ते नडगीच्या सरळ रेषेत येत नाही. जमिनीवर पाय लांब करून बसा आणि चवडा पुढे ताणा. बोटं जमिनीच्या जवळ गेली तर घोटा लवचिक आहे, कुठलाही कोन चालेल. बोटं छताकडेच बघत राहिली तर झुकलेलं पातं तुमच्यासाठी गरजेचं, आणि सोबत रोज पाच मिनिटं घोट्याचे व्यायाम.

कार्बनबद्दल. लांब पाती मुख्यतः तीन प्रकारांत मिळतात: प्लास्टिक, फायबरग्लास आणि कार्बन फायबर. प्लास्टिक जड असतं आणि वाकल्यावर परत यायला आळस करतं, म्हणजे तुम्ही घातलेल्या जोरातला काही भाग त्यातच मुरतो. कार्बन हलकं असतं आणि झटकन पूर्ववत होतं. पाय परत आणायलाही कमी कष्ट पडतात. फायबरग्लास या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. फरक खरा आहे, मी नाकारत नाही. पण तो कळतो किक एकसारखी झाल्यावर. त्याआधी कार्बन घेणं म्हणजे आधी कळस मग पाया. न्यूझीलंडचा फ्रीडायव्हर विल्यम ट्रुब्रिज याने २०१६ मध्ये बहामाजमधल्या डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरात १०२ मीटर गाठले ते पायांत काहीही न घालता. तुम्हाला तसं करायला सांगत नाही. पहिल्या कोर्सच्या २० मीटरांत पात्याचा धागा कसला आहे हा प्रश्नच येत नाही, एवढंच म्हणते.

शिवाय कार्बनला वाकायला आवडतं, ठेच खायला नाही. खडकावरून चालत पाण्यात उतरायचं असेल, बोटीवर टाक्यांच्या ढिगाशेजारी सामान टाकायचं असेल, तर त्याच्या कडा टिकत नाहीत. एकदा कडेला चीर गेली की ती हळूहळू आत सरकते. प्लास्टिकवर माणूस उभा राहिला तरी सहसा निभावतं.

म्हणून माझा सल्ला: पाती स्क्रूने निघणारी जोडी घ्या. पॉकेट उत्तम, पाती साधी. वर्षभराने किक बसली की त्याच पॉकेटवर फायबरग्लास किंवा कार्बनची पाती चढवता येतात, फक्त ती पाती त्या पॉकेटच्या खोबणीत आणि कडेच्या रबरी पट्ट्यांत बसतात ना हे आधी विचारा. सुटी पाती प्रवासातही सोयीची, कारण मीटरभर लांब फिन कुठल्याच साध्या बॅगेत मावत नाही.

आता पॉकेट, जिथे खरं तर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. फ्रीडायव्हिंगचं पॉकेट बंद टाचेचं, बुटासारखं असतं आणि ते पायावर दुसऱ्या कातडीसारखं बसायला हवं. सैल असेल तर प्रत्येक किकचा पहिला भाग पाऊल आत सरकण्यातच जातो आणि टाच घासून सोलवटते. घट्ट असेल तर दहा मिनिटांत तळव्याची कमान दुखायला लागते आणि मग गोळा. गोळा आलाच तर फिनचं टोक हाताने धरून स्वतःकडे ओढा, पाय ताणला की सुटतो. पण वारंवार येत असेल तर दोष पॉकेटचा समजा, पोटरीचा नाही.

मापून बघायची माझी पद्धत अशी. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे निओप्रीनचे मोजे पाण्यात वापरणार, साधारण दीड ते तीन मिलिमीटरचे, तेच घालून बघा. मोजे आणि पॉकेट दोन्ही ओले करा, कोरड्या रबरात पाय घुसवून काहीच कळत नाही. पाय आत गेल्यावर टेबलाच्या कडेवर बसा, पाय लोंबकळू द्या आणि कमरेपासून हळू हलवा. टाच आत-बाहेर होते का? मग चवडा ताणा. बोटांच्या मुळाशी रबर रुततं का? त्यानंतर खरी परीक्षा: फिन्स न काढता पंधरा मिनिटं तसेच बसून राहा. विक्रेता चुळबुळ करेल, करू दे. पंधरा मिनिटांनी अंगठ्याला मुंग्या आल्या, किंवा घोट्याच्या पुढच्या बाजूला लाल रेघ उठली, तर ते माप तुमचं नाही. बोटांची टोकं पुढून किंचित बाहेर डोकावत असतील तर हरकत नाही, बऱ्याच पॉकेटांची रचनाच तशी असते. दोन पायांत थोडा फरक प्रत्येकाच्या असतो. मोठ्या पायावरून माप घ्या आणि लहान पायात जाडसर मोजा घाला.

तुमचं ४२ हे माप सुखाचं आहे. मोज्यासकट कुठे ४२-४३ बसेल, कुठे ४३-४४ लागेल, पण काहीतरी मिळेल. माझा पाय ३७. कितीतरी लांब फिन्सचं सगळ्यात लहान मापच माझ्यासाठी मोठं. पहिली दोन वर्षं मी दोन-दोन मोजे घालून काढली. मग फिन कीपर नावाची तीन फाट्यांची रबरी पट्टी मिळाली. ती टाच, तळवा आणि घोटा यांवरून बसते आणि पॉकेट निसटू देत नाही. थोडंसं सैल निघालेलं पॉकेट त्या पट्टीने वाचतं. घट्ट निघालेलं कशानेच वाचत नाही, म्हणून दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या.

स्कुबाकडे वळते. इथे पहिला प्रश्न: बंद टाच की उघडी टाच? कोमट पाण्यात, बोटीवरून, अनवाणी उतरणार असाल तर बंद टाच हलकी आणि पुरेशी. थंड पाणी असेल, किंवा किनाऱ्यावरून खडकाळ वाटेने चालत जायचं असेल, तर निओप्रीनचे बूट आणि मागे पट्टा असलेली उघडी टाच. उघड्या टाचेची जोडी घेताना लोक हमखास एक चूक करतात, फिन आधी घेतात आणि बूट नंतर. बूट आधी घ्या, कारण तीन आणि पाच मिलिमीटरच्या बुटात पायाचा आकारच बदलतो. मग तो बूट घालूनच फिन बघा. आणि मागे प्लास्टिकच्या बकलचा पट्टा असेल तर पुढेमागे स्टेनलेस स्टीलचा स्प्रिंगचा पट्टा लावून घ्या. बकल तुटलेल्या फिन्स मी बोटीवर कितीदा दोरीने बांधून दिल्या आहेत. स्प्रिंगचा पट्टा अंगठा अडकवून ओढला की बसतो.

पात्यांचे प्रकार डझनभर आहेत आणि जाहिरातींत प्रत्येक प्रकार क्रांतिकारक असतो. मधोमध चिरलेली स्प्लिट पाती गुडघ्यांना हलकी जातात आणि वर-खाली साध्या किकला छान. पण बेडूक किकमध्ये किंवा मागे सरकताना ती पाणी धरत नाहीत. दुसऱ्या टोकाला १९६० च्या दशकापासून जवळजवळ त्याच रूपात चालत आलेली जेट फिन: काळं, जाड, आखूड रबर, पात्यात झरोके. गुहेत आणि बुडालेल्या जहाजांत जाणारे डायव्हर अजूनही तिच्यावर जीव टाकतात, कारण घोट्याच्या एवढ्याशा हालचालीने ती वळवते. पण ती जड आहे आणि पाण्यात बुडते. ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणाऱ्या, हवा असलेल्या सूटमध्ये) पाय वर तरंगतात, तिथे हे वजन हवंच असतं. पातळ सूटमध्ये तेच वजन पाय खाली ओढतं, अंग तिरकं होतं आणि प्रत्येक किक गाळ उडवते. विद्यार्थ्याचे पाय बुडतात असं दिसलं की वजनाचा पट्टा बदलायच्या आधी मी त्याच्या फिन्स बदलून बघते.

तुमच्यासाठी मी मधला मार्ग सुचवीन: मध्यम ताठ, एकसंध पातं, पाण्यात साधारण तोलून राहणारं, उघडी टाच. गुडघ्यामुळे मुद्दाम सांगते, बेडूक किकमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांना होतो तसा. त्यामुळे जड रबरी फिन्स आणि सतत बेडूक किक ही जोडगोळी तुम्हाला झेपणार नाही. कमरेपासून मारलेली छोटी वर-खाली किक मूळ चाल म्हणून ठेवा आणि बेडूक किक गाळ असेल तिथेच वापरा. दुखणं कुठल्या बाजूला आहे हे एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, मग हे गणित बदलूही शकेल.

मोनोफिनबद्दल, म्हणजे दोन्ही पायांना मिळून असलेल्या एकाच रुंद फिनबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत ते बरं झालं. ती डॉल्फिनसारख्या पूर्ण अंगाच्या लाटेवर चालते आणि ती लाट शिकायला वेगळा वेळ लागतो. दोन फिन्सनी खोल जाणं हा स्पर्धांतही २०१९ पासून आयडा या फ्रीडायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेगळा प्रकार मानला आहे, त्यामुळे दोन पायांवर राहण्यात कमीपणा नाही.

विकत घेण्याआधी एकदा तरी तलावात बघा. २५ मीटरचा तलाव, दोन वेगवेगळ्या जोड्या, जोडीदार काठावर. पाण्याखालून आरामात, शर्यत न लावता जा आणि किक मोजा. मग दुसऱ्या जोडीवर तेच. ज्या जोडीवर किक कमी लागल्या ती लगेच जिंकली असं नाही. पलीकडे पोहोचल्यावर मांड्या कशा वाटतात तेही विचारात घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याला कडक पात्यांवर दोन किक कमी लागल्या, पण बाहेर आल्यावर तो पाच मिनिटं मांड्या चोळत बसला. मऊ पात्यांवर तो पलीकडे गेला, वळला आणि काही न बोलता परत आला.

जुनी जोडी मिळाली तर जरूर घ्या, फक्त पातं पॉकेटमध्ये शिरतं तिथे बघा. प्लास्टिकवर तिथे पांढऱ्या रेघा असतील किंवा कार्बनचे थर सुटायला लागले असतील तर सोडून द्या. रबर वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तरी सोडा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि आडव्या ठेवा किंवा पॉकेटच्या बाजूने टांगा. पात्याच्या टोकावर भिंतीला टेकून उभ्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या फिन्स एका उन्हाळ्यात वाकतात, आणि तो बाक परत जात नाही.